इनोबत ओपाचा तिसरा दर्जा

चुस्त नावाच्या आमच्या गावात हेवा करणाऱ्या बायका काही कमी नाहीत, पण इनोबतसारखी दुसरी झाली नाही. इतरांचं नुसतं पोट दुखतं, इनोबत हेव्यासाठी मेहनत घ्यायची. समोरच्या दारातल्या बाईने दाताला सोन्याचं टोपण बसवून आणलं, तर हिने आपले अक्रोड फोडणारे दोन धडधाकट दात झिजवून घेतले आणि दोन्हींवर सोनं चढवलं. मग कितीतरी दिवस गरम चहा तोंडाला लावता येईना, फुंकून फुंकून प्यायची, पण हसायची मात्र कानापर्यंत. शेजारच्या जर्दाळूला आधी फुलं आली की आपल्या झाडाला जाऊन विचारायची, "तुला काय धाड भरलीय?" एकदा पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याच्या मयताला गेली, ती तोंड फुगवूनच परत आली. सासूने विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणे, "काही नाही, ओयी. आपल्या बाबांच्या वेळी एवढी माणसं कुठं आली होती?"

आता यावरून ती मनाची खोटी होती असं कुणी समजू नये. कुणाचं वाईट व्हावं असं तिने कधी चिंतलं नाही. दुसऱ्याचं चांगलं झालं की तिला आपलंच काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटायचं, इतकंच.

गावाबाहेर, तुतीच्या रांगेपलीकडे प्लास्टिकचा कारखाना आहे. तिथं टोपली, घमेली, दह्याच्या बादल्या आणि त्यांची झाकणं निघतात. इनोबत तिथं कड कापायला होती. साच्यातून झाकण बाहेर पडतं तेव्हा त्याच्या काठाला पातळशी झालर लागलेली असते, ती सुरीने सोलून काढायची. चुस्तची सुरी साऱ्या खोऱ्यात नावाजलेली, आणि इनोबतचा हात तसाच. झाकण हातात फिरलं की झालर सापाने कात टाकावी तशी अखंड उतरायची. पण कड कापणाऱ्या बाईला यंत्राजवळ जायची मुभा नव्हती. यंत्र चालवायचे ते दर्जा मिळवलेले पुरुष, आणि ते सगळे नमनगान शहरातून यायचे. इनोबत त्यांचाही हेवा करायची, पण जरा दुरून. डोंगराचा हेवा करावा तसा.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात रुखसोरा आली.

धाकटी सून आली की थोरलीचे दिवस पालटतात. पहाटे उठून अंगण झाडायचं, पाणी शिंपडायचं, आल्यागेल्याला वाकून सलाम करायचा, जेवणं झाली की चहा ओतत दाराशी बसायचं, हे सगळं धाकटीकडे जातं. थोरली सरकून भिंतीच्या बाजूला, मऊ गादीवर बसते. इनोबतने त्या गादीची कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. त्यामुळे रुखसोरा तिला आधी आवडली. इतकी, की तिनेच शब्द टाकून तिला कारखान्यात आपल्या शेजारी, कड कापायला लावून घेतलं. आमच्याकडे म्हणतात त्याप्रमाणे, तिने आपल्या हाताने आपल्या बुटात खडा घातला.

कारखान्यात नवी यंत्रं आली, पण चालवायला माणसं पुरेनात. तेव्हा ठरलं की गावातल्याच लोकांना शिकवायचं. जुन्या बालवाडीच्या इमारतीत वर्ग सुरू झाला. शिकवायला ताश्कंदच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले उस्ता, म्हणजे वस्ताद, हमरोकुल आले. वर्ग पुरा करायचा, परीक्षा द्यायची, पास झालं की यंत्रचालकाचा तिसरा दर्जा; पुढे चौथा, पाचवा असं वर चढत जायचं. दर्जा मिळालेल्याने यंत्र चालवायचं, आणि कड कापणाऱ्या बायकांची टोळी त्याच्या हाताखाली.

इनोबत म्हणाली, "या वयात मी बालवाडीत बसू? नको गं बाई."

रुखसोरा म्हणाली, "मी जाऊ का, ओपा?" थोरल्या जावेला ती ओपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणायची.

"जा की. तुला कोण धरतंय?"

आणि रुखसोरा गेली. वर्ग कारखान्यातल्या पाळीच्या आधी, भल्या सकाळी असायचा. पहिल्याच दिवशी इनोबत उठली तर अंगणात रात्रीची तुतीची फळं तशीच पडलेली, झाडू भिंतीला टेकलेला, आणि सासू खोसियत ओयी ओट्यावर बसून त्या झाडूकडे बघत होत्या. इनोबतने झाडू घेतला. शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"इनोबत, पुन्हा नवरी झालीस की काय?"

इनोबतच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिने तेही सोसलं असतं. पण आठवड्याच्या शेवटी रुखसोरा घरी आली ती पांढरा कोट घालून. वर्गातल्या प्रत्येकाला कोट मिळाला होता, खिशावर निळ्या धाग्याने नाव काढलेला. गल्लीतली पोरं मागे लागली, "डॉक्टरीणबाई, सुई नका टोचू." आणि खोसियत ओयींनी, ज्यांनी इनोबतला उभ्या आयुष्यात "बरी दिसतेस" म्हटलं नव्हतं, त्यांनी कोटाची बाही बोटांनी चाचपून पाहिली. म्हणाल्या, "कापड चांगलं आहे. शोभतो तुला."

त्या रात्री जेवायला मोशकिचिरी होती, म्हणजे मुगाची खिचडीच. इनोबतच्या डोळ्यांपुढे एकच चित्र: रुखसोरा यंत्रापाशी पांढऱ्या कोटात उभी आहे, आणि आपण बाकावर बसून तिच्या यंत्रातून पडलेल्या झाकणांची झालर सोलतोय. आणि ती म्हणतेय, "ओपा, जरा हात चालवा." घरात जी दाराशी बसून चहा ओतते, ती कारखान्यात आपल्यावर हुकूम करणार. हे होऊ द्यायचं नाही. बाकी काही मिळो न मिळो, रुखसोराच्या हाताखाली राबायचं नाही, एवढं तिने ताट पुसता पुसता ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत हजर. तिथल्या खुर्च्या पोरांच्या मापाच्या, तेव्हा दणकट बांध्याच्या इनोबतचे गुडघे हनुवटीला लागले. उस्ता हमरोकुलनी चष्म्यावरून पाहिलं.

"ताई, तुम्ही कुणाला सोडायला आलात?"

"मला," इनोबत म्हणाली. "आणि मला कोट हवा. नाव जरा मोठ्या अक्षरांत."

घरचं अंगण तेव्हापासून खोसियत ओयी स्वतः झाडू लागल्या. झाडूगणिक एकेक सुस्कारा टाकायच्या, आणि तो दोन्ही सुनांना ऐकू जाईल असाच असायचा.

इनोबत शिकली. खरं सांगायचं तर चांगली शिकली, पण रुखसोरावर डोळा ठेवून शिकली. वितळवायचे प्लास्टिकचे दाणे ओलसर असले तर झाकणावर चंदेरी रेघा उठतात, साचा फार तापला तर झाकण वाकतं, दाब कमी पडला तर काठ अर्धवट राहतो, हे सगळं रुखसोराने एकदा सांगितलं की इनोबत दोनदा सांगायची. उस्तांनी प्रश्न विचारला आणि दोघींचे हात एकदम वर गेले, तर इनोबत उभीच राहायची. रुखसोराला तिसऱ्यांदा शाबासकी मिळाली त्या दिवशी इनोबतने वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "उस्ता, जी बाई घरी दूध उतू घालते, तिच्या हातात यंत्र द्यावं का?"

उस्ता म्हणाले, "यंत्रात दूध नसतं, ताई."

वर्ग हसला. रुखसोराही हसली, आणि तेच इनोबतला जास्त लागलं.

पहिल्या दिवसापासून उस्तांचे दोन नियम होते. एक, यंत्राजवळ जाताना अंगावर काही लोंबतं ठेवायचं नाही: अंगठी, बांगडी, कर्णफुलं, रुमालाची मोकळी टोकं, काही नाही. दुसरा, परीक्षेच्या वेळी दुसऱ्याच्या हाती असलेल्या यंत्राला हात लावायचा नाही. लावला तर सरळ बाहेर.

परीक्षेच्या सकाळी खोसियत ओयींनी दृष्ट घालवणारं हरमळ पेटवून घरभर धूर केला. दोघी सुनांच्या डोक्याभोवती धुपाटणं फिरवलं. रुखसोराभोवती जरा जास्त वेळ फिरवलं, असं इनोबतला वाटलं. मग रुखसोराला आत बोलावून कानात काही सांगितलं आणि तिच्या मुठीत काहीतरी दिलं. इनोबतने पाहिलं. विचारलं नाही, पण वाटभर त्या मिटलेल्या मुठीकडेच बघत चालली.

ताश्कंदहून परीक्षक बाई आल्या होत्या. आखूड केस, पायात सपाट बूट, बोलणं मोजकं. काम असं होतं: यंत्रातून निळी झाकणं निघत होती, ती थांबवायची, वरचं दाण्यांचं नरसाळं रिकामं करून पुसायचं, पांढरे दाणे भरायचे, यंत्राच्या पोटातला निळा रंग धुऊन निघेपर्यंत माल बाहेर काढायचा, आणि स्वच्छ पांढरी झाकणं हातात द्यायची. यंत्र सगळ्यांना एकच. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा रुखसोराचा नंबर आधी निघाला आणि तिच्यामागून इनोबतचा.

"बघा," इनोबत स्वतःशी पुटपुटली, "चिठ्ठ्यासुद्धा तिच्या बाजूच्या."

पिवळ्या रेषेमागे उभी राहून ती बघू लागली. रुखसोराचे हात सराईतासारखे चालत होते. नरसाळं पुसून घेतलं, दाणे ओतले. मग तिने पाठ वळवून नरसाळ्याच्या झाकणाच्या मुठीला पटकन काहीतरी बांधलं. परीक्षक बाई तेव्हा दुसऱ्या बाजूला, तापमानाच्या आकड्यांकडे बघत होत्या.

इनोबतने मान लांब केली. दृष्टमणी. काचेचा, काळा, त्यावर पांढरे ठिपके, वर दोऱ्यात अडकवलेली पिन. आणि एका ठिपक्याचा टवका उडालेला.

हा मणी तिने हजारांत ओळखला असता. तिच्या थोरल्या लेकाच्या पाळण्याचा होता तो. टवका त्यानेच दात येताना चावून उडवला होता. पोर पाळण्यातून उतरल्यावर ओयींनी तो मागून घेतला होता, "जपून ठेवते" म्हणून. आणि आज तो कुणाच्या नजरेसाठी बाहेर काढला? यंत्राला कुणाची दृष्ट लागणार होती? परीक्षक बाईंची? उस्तांची? तिच्या लेकाचा मणी तिच्याच डोळ्यांवर उतारा म्हणून टांगला होता. अंगावर काही ठेवायचं नाही म्हणून त्या शहाणीने तो यंत्राच्या अंगावर बांधला होता.

इनोबतला यंत्र दिसेना, झाकणं दिसेनात, दिसत होता फक्त तो मणी. यंत्राच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो मुठीवर नाचत होता.

म्हणूनच जे झालं ते साऱ्या दालनात तिला एकटीलाच दिसलं. दाण्यांत निळा कण राहिला नाही ना ते बघायला रुखसोराने झाकण वर केलं. दोरा कडेत अडकला, ताणला, तुटला, आणि मणी पिनेसकट दाण्यांत पडला. पांढऱ्यावर काळा, क्षणभर वर राहिला. रुखसोरा तेव्हा खाली, साच्याच्या दाराकडे बघत होती. तिने हाताने झाकण पुन्हा टाकलं.

आत, नरसाळ्याच्या तळाशी लोहचुंबकाचे दांडे असतात. लोखंडाचा कण चुकून आला तर ते धरून ठेवतात. पिनेला ते धरतील. पण दोरा तर तुटलेला, आणि काचेला लोहचुंबक काय करणार? मणी दाण्यांबरोबर हळूहळू खाली सरकणार, दाणे पुढे रेटणाऱ्या फिरत्या मळसूत्रात जाणार आणि तिथं भरडला जाणार. उस्तांनी एकदा वर्गात असंच एक ओरखडलेलं मळसूत्र दाखवलं होतं. बोट फिरवलं तर सोलून निघावं.

इनोबत गप्प उभी राहिली.

खोटं कशाला सांगायचं, त्या गप्प राहण्यात तिला गोडी वाटली. उन्हाळ्यातलं थंड टरबूज पोटात उतरावं तशी. जाऊ दे खाली. ओयींना कळू दे त्यांचा मणी काय कामाचा आहे ते. पांढऱ्या कोटाची बाही चाचपून बघतील आता. मी काही केलं नाही, मी फक्त रेषेमागे उभी आहे, नियमच आहे तसा.

दाणे खाली चालले होते. नरसाळ्याला काचेची उभी पट्टी असते, तिच्यातून त्यांची पातळी उतरताना दिसत होती.

तेवढ्यात परीक्षक बाईंनी मान वर न करता विचारलं, "पुढची कोण? इनोबत ना? तयार राहा."

आणि इनोबतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्र एकच आहे. मळसूत्र गेलं तर परीक्षा गेली. परीक्षक बाई संध्याकाळच्या गाडीने ताश्कंदला परत, नवं मळसूत्र येईल तेव्हा येईल, आणि तोवर आपण पुन्हा बाकावर कड कापत. रुखसोराचं बुडेलच, पण आपलं तिच्याही आधी बुडेल. आणि वर गल्ली म्हणेल, बिचारी रुखसोरा, निदान यंत्रापर्यंत तरी पोचली होती. इनोबत तर रेषेपलीकडे गेलीच नाही.

हे तिला सोसवलं नाही. ती पिवळी रेषा ओलांडून तीरासारखी धावली आणि तिने पंजाने लाल बटण दाबलं.

यंत्र गचका खाऊन थांबलं.

"ओपा," रुखसोराचा आवाज फाटला. "तुम्ही माझी परीक्षा मोडलीत."

"ताई, रेषेमागे," उस्ता म्हणाले. "नियम माहीत आहे ना?"

"नरसाळं उघडा," इनोबत धापा टाकत म्हणाली. "आत मणी पडलाय."

उस्तांनी दाणे उपसले. पिन लोहचुंबकाला चिकटलेली होती. मणी तिच्याही खाली, अगदी घशाशी सापडला. उस्तांनी तो तळहातावर ठेवून परीक्षक बाईंपुढे धरला.

"हा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा," इनोबत फटकन म्हणाली. दुसऱ्या कुणाचा तो म्हटला जावा हेच तिला नको होतं. "माझ्या लेकाचा आहे. द्या इकडे."

"मग हिच्या यंत्रावर कसा आला?"

रुखसोराने मान खाली घातली. "मी बांधला. ओयींनी दिला होता. अंगावर नको म्हणून तिथं बांधला."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. उस्ता हळूच म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या यंत्राला हात लावणारीला बाहेर काढायचं, असा माझा नियम आहे."

"तुमचा नियम चांगला आहे, उस्ता," बाई म्हणाल्या. "पण लाल बटण एकट्या चालकाचं नसतं. ज्याला धोका दिसला त्याचं असतं. या बाई परीक्षा देतील. रुखसोरा, तुमचं काम सुबक होतं. पण उघड्या नरसाळ्यावर वस्तू टांगणाऱ्याला मी दर्जा देऊ शकत नाही. पुन्हा बसा."

रुखसोरा वळली आणि इनोबतच्या गळ्यात पडून रडू लागली. "मी तुम्हाला काय बोलले, ओपा. तुम्ही यंत्र वाचवलंत. मळसूत्र गेलं असतं तर मला आयुष्यात कुणी जवळ येऊ दिलं नसतं." भोवतालच्या बायका डोळे पुसू लागल्या. एक म्हणाली, "सख्खी बहीण नाही करणार असं. आपली परीक्षा पणाला लावली हो हिने." इतक्या माणसांनी चांगलं म्हटलेलं खोडून काढावं, इतकी काही इनोबत खुळी नव्हती.

दुपारून तिची पाळी आली. तिने दोन्ही हात मोकळे दाखवले, रुमाल मानेमागे घट्ट बांधला, आणि अशी पांढरी झाकणं काढली की परीक्षक बाईंनी एक उन्हाकडे धरून पाहिलं. तिला तिसरा दर्जा मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, जिंकली. दर्जाचं पत्र हातात आलं त्या संध्याकाळी इनोबतलाही असंच वाटलं. घरी आली तर खोसियत ओयींनी रुखसोराला भिंतीच्या बाजूला, मऊ गादीवर बसवलं होतं. पाठीशी उशी. पुढ्यात भाताचं ताट, आणि त्यातल्या मानाच्या चरबीच्या फोडी ओयी आपल्या हाताने तिच्या बाजूला सारत होत्या. "खा गं. किती उतरलंय तोंड. पुढल्या वेळी होशील पास." कुंपणावरच्या शेजारणीने तिच्यासाठी मलई पाठवली होती. शेजारणीने, जिने इनोबतला कधी चिमूटभर मीठ दिलं नव्हतं.

इनोबतने पत्र जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. ओयींनी ते बाजूला सरकवून तिथं चहाची किटली ठेवली.

"मणी मिळाला मला," इनोबत म्हणाली.

ओयी जरा अडखळल्या. "तुझ्या नजरेसाठी नव्हता हो तो. गल्लीच्या नजरेसाठी होता."

"गल्ली आपल्याच घरात राहते ना, ओयी?"

ओयींनी रुखसोराला आणखी एक फोड वाढली.

नापास झालेलीचा हेवा करायची वेळ येईल असं इनोबतला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पण काय करणार, आला. चांगला घशाशी आला.

पुढच्या आठवड्यात उस्ता हमरोकुल ताश्कंदला परत जायला निघाले. निरोपाला सगळा वर्ग बालवाडीच्या अंगणात जमला. उस्ता म्हणाले, "रुखसोराला परत बसायचं आहे, तिला कुणीतरी तयार केलं पाहिजे. नमनगानचा आमचा यंत्रचालक पोऱ्या शिकवायला तयार आहे. पण पोरी, एक लक्षात ठेव. ज्याच्याकडून शिकशील तो तुझा उस्ता. मी स्वतः मोठा अधिकारी झालो, मोटार मिळाली, पण माझ्या उस्तासमोर, ते असेपर्यंत, हात छातीवर ठेवूनच उभा राहिलो. सणाची पहिली रोटी त्यांच्या घरी. माझा दर्जा त्यांच्यापेक्षा वर गेला, तरी मान त्यांचाच."

इनोबत मागच्या रांगेत छोट्या खुर्चीवर बसली होती. ती ताडकन उठली, खुर्ची तिला चिकटून जराशी वर आली.

"नमनगानवाला कशाला?" ती म्हणाली. "मी शिकवीन तिला."

रुखसोराचे डोळे भरून आले. "खरंच, ओपा?"

इनोबतने मनाशी सगळं मांडून पाहिलं. पोरीचा हात आपल्याहून सफाईदार आहे, ते रेषेमागून तिने पाहिलंच होतं. ही आज ना उद्या पास होणार. चौथा दर्जा घेईल, पाचवा घेईल, कदाचित एक दिवस साऱ्या दालनाची मुख्य होईल. होऊ दे. जितकी वर जाईल तितक्या वरून तिला वाकावं लागेल, आणि वाकेल ती आपल्यापुढे.

"खरंच," इनोबत म्हणाली. "उद्या सकाळपासून. आणि कारखान्यात मला ओपा म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"उस्ता," इनोबत म्हणाली, आणि सोन्याचे दोन्ही दात दिसतील असं हसली.